पान गहाळ नाही: मर्घिनानींची 'हिदाया' आणि आपली कोर्टं

रत्नागिरीकडे नुकतीच वकिली सुरू केलेल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं आहे: "वारसाच्या एका दाव्यासाठी 'हिदाया'ची जुनी इंग्रजी प्रत मिळवली. अनुक्रमणिका तीनदा चाळली, पण वारसाहक्काचं प्रकरणच सापडत नाही. पानं गहाळ असतील का? आणि निकालपत्रांत ज्याचा दाखला सारखा दिसतो तो हा लेखक होता कोण? आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं म्हणणं आजच्या कोर्टावर बंधनकारक कसं?"

पानं गहाळ नाहीत. 'हिदाया' हा हनफी कायद्याचा ग्रंथ; त्यात वारसाचं प्रकरण मुळातच नाही. नमाज, जकात, हज, निकाह, तलाक, वक्फ, खरेदीविक्री, शुफा (शेजाऱ्याचा किंवा भागीदाराचा विकत घेण्याचा पहिला हक्क), गहाण, मृत्युपत्र, सगळं आहे. माणूस मेल्यावर मालमत्तेचे हिस्से कसे पाडायचे, एवढंच नाही. त्या विषयाला 'फराइज' म्हणतात. त्यातलं अपूर्णांकांचं गणित इतकं स्वतंत्र की त्याची पुस्तकंही वेगळी लिहिली जात. हनफींत, म्हणजे अबू हनीफांना मानणाऱ्या सुन्नी पंथात, त्यासाठी सजावंदींचं 'सिराजिय्या' वापरतात. सर विल्यम जोन्स यांनी 1792 मध्ये कलकत्त्याला त्याचं भाषांतर छापलं, ते याच गरजेपोटी. तीसेक वर्षांपूर्वी मीही असाच बार लायब्ररीत उकिडवा बसून ते प्रकरण शोधत होतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्या दाव्यात याहून मोठी एक अडचण मला दिसते. ती शेवटी सांगतो. आधी माणूस.

बुरहानुद्दीन अली बिन अबी बक्र अल-मर्घिनानी हे बाराव्या शतकातले, फरगाना खोऱ्यातले. आज उझबेकिस्तानात मर्गिलान नावाचं शहर आहे, ते जुनं मर्घिनान. त्याच मुलखातलं रिश्तान हे त्यांचं गाव. सुमारे तीनशे वर्षांनी याच खोऱ्यात बाबर जन्मला. त्याने आपल्या आठवणींत मर्घिनानच्या डाळिंबांची आणि जर्दाळूंची तोंड भरून तारीफ केली, तिथली माणसं ठोसेबाज आणि गलका करणारी असल्याची नोंद केली आणि ओघात 'हिदाया'चा कर्ता इथल्याच एका खेड्यातला, हेही सांगून टाकलं. खंडनमंडनाने भरलेलं पुस्तक भांडखोरांच्या गावातून यावं, याची मला नेहमी गंमत वाटते.

त्यांच्या तरुणपणी त्या मुलखावर मोठं संकट आलं. 1141 मध्ये समरकंदजवळ कतवानच्या मैदानात सेल्जुक सुलतान संजर पूर्वेकडून आलेल्या काराखिताईंकडून सपाटून हरला. त्या लढाईच्या धामधुमीत बुखाऱ्याचे थोर हनफी पंडित हुसामुद्दीन उमर मारले गेले. पुढे त्यांना 'सद्र-उश-शहीद' म्हणू लागले. ते मर्घिनानींचे गुरू. दुसरे गुरू नज्मुद्दीन नसफी पुढच्याच वर्षी वारले. आणि त्यानंतर मर्घिनानींचं जवळजवळ सगळं आयुष्य मुसलमान नसलेल्या काराखिताई सम्राटाच्या सत्तेखाली गेलं. गावोगावी स्थानिक मुसलमान राजे होते, पण ते मांडलिक.

हे मी मुद्दाम सांगतोय. इस्लामी कायदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सुलतान, फर्मान आणि तलवार येते. पण हनफी कायद्याचं हे सर्वात चाललेलं पुस्तक अशा काळात लिहिलं गेलं की वरचा राजा परधर्मी होता आणि कायदा टिकून होता तो शिकवणाऱ्यांच्या वर्गात. मर्घिनानी काही कुणाचे वजीर नव्हते. ते मास्तर होते. 'हिदाया' हे मास्तराचं पुस्तक आहे, ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

मास्तर म्हणून ते कसे होते, हे त्यांच्या झर्नूजी नावाच्या शिष्यामुळे कळतं. झर्नूजींनी विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली, ती आजही मदरशांत वाचतात. त्यात गुरुजींच्या सवयी जागोजागी येतात. मर्घिनानी नवा पाठ बुधवारी सुरू करत, कारण बुधवारी आरंभलेलं काम तडीस जातं अशी त्यांची श्रद्धा. दुसरी गोष्ट ते स्वतः वर्गात सांगत. बुखाऱ्यात एक मोठे इमाम शिकवायला बसले होते. शिकवता शिकवता ते मधेच उठून उभे राहत आणि परत बसत. विद्यार्थ्यांना कळेना. विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्या गुरूंचा मुलगा बाहेर गल्लीत पोरांबरोबर खेळतोय. खेळता खेळता तो मशिदीच्या दारापाशी आला की मला दिसतो, आणि गुरूंच्या मानासाठी मी उठतो." ज्या परंपरेत गुरूच्या खेळणाऱ्या पोरालाही उत्थापन मिळतं, त्याच परंपरेत गुरूचं मत खोडायलाही पूर्ण मुभा होती. 'हिदाया'च्या पानापानावर ती दिसते.

पुस्तक कसं झालं त्याची कथाही वकिलाने ऐकण्यासारखी आहे. मर्घिनानींनी आधी एक छोटा मूळ ग्रंथ बांधला, 'बिदायतुल मुब्तदी', म्हणजे नवशिक्याची सुरुवात. त्यासाठी दोन जुनी पुस्तकं एकत्र केली: अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद शैबानी यांचं 'जामि-उस-सगीर' आणि बगदादच्या कुदूरींचा संक्षेप. मग त्यावर भलीथोरली टीका, म्हणजे भाष्य, लिहायला घेतली. ती ऐंशी खंडांची होती असं सांगतात. ती संपत आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे फार पाल्हाळिक झालं, या लांबीपायी लोक पुस्तकच सोडून देतील. हे त्यांनी 'हिदाया'च्या प्रस्तावनेत स्वतः कबूल केलं आहे. तेव्हा पुन्हा बसून त्यांनी दुसरी, आटोपशीर टीका लिहिली. तीच 'हिदाया'. ऐंशी खंडांचं ते धूड काळाच्या ओघात गडप झालं. शंभर पानी कैफियत टाइप करून आणणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला मी ही गोष्ट ऐकवतो.

'हिदाया'ला तेरा वर्षं लागली आणि त्या सगळ्या काळात त्यांनी रोजे धरले, पण कुणाला कळू दिलं नाही, अशी आख्यायिका आहे. नोकर जेवण आणून ठेवी, ते "ठेव आणि जा" म्हणत आणि मागाहून एखाद्या विद्यार्थ्याला ते ताट देऊन टाकत. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. हिजरी 593 मध्ये, म्हणजे 1197 मध्ये, ते समरकंदला वारले. पुढे तेवीस वर्षांत, 1220 ला, मोंगोलांनी समरकंद घेतलं. तिथून निसटलेले विद्वान दिल्लीच्या वाटेला लागले आणि त्यांच्या पडशीतून 'हिदाया'ही इकडे आली.

आता पुस्तकाचं एक पान उघडूया. निकाहच्या भागात वलीचं, म्हणजे लग्न लावून देणाऱ्या पालकाचं प्रकरण आहे. त्याचं पहिलंच वाक्य असं: स्वतंत्र, शहाणी, वयात आलेली स्त्री राजी असेल तर तिचा निकाह होतो, वलीने तो लावला नसला तरी, मग ती कुमारिका असो वा आधी लग्न झालेली. लगेच पुढे: हे अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य अबू युसुफ यांचं मत. दुसरे शिष्य मुहम्मद शैबानी म्हणतात, होतो, पण वलीच्या मान्यतेपर्यंत अधांतरी राहतो. दुसऱ्या दोन सुन्नी पंथांचे प्रवर्तक मालिक आणि शाफई म्हणतात, स्त्रियांच्या शब्दाने निकाह होतच नाही. लग्न काही हेतूंसाठी असतं आणि ते त्यांच्यावर सोपवलं तर हेतू बिघडतील. आता उत्तर: तिने जो व्यवहार केला तो निव्वळ स्वतःच्या हक्काचा आहे आणि ती तो करायला लायक आहे, कारण ती शहाणी आहे, तिला बरंवाईट कळतं, म्हणून तर तिच्या मालमत्तेचे व्यवहार ती स्वतः करू शकते. मग वलीला पुढे का करतात? तर मुलीला कुणी निलाजरी म्हणू नये म्हणून.

बघा, एवढ्याशा जागेत चार पक्ष बोलून गेले. प्रत्येकाला दोन ओळी मिळाल्या आणि समोरच्याचं कारण अर्धवट किंवा वेडंवाकडं करून मांडलेलं नाही. मी हे एका मौलवींकडे रविवारी सकाळी बसून शिकलो. चहाचा कप बाजूला सरकवून ते पानावर बोट ठेवत आणि विचारत, "वकीलसाब, आता कोण बोलतंय?" मी नियम शोधायचो, ते बोलणारा शोधायला लावायचे. 'लहू' आलं की 'त्याचा आधार', 'लना' आलं की 'आमचा आधार'. 'आमचे गुरुजन' म्हटलं की बुखारा-समरकंदकडचे. आणि मर्घिनानींची एक ठरलेली लकब आहे: त्यांना जे मत पटलं त्याची बाजू ते बहुतेक वेळा सर्वात शेवटी मांडतात, म्हणजे आधीच्या सगळ्यांना उत्तरही मिळून जातं. लखनौच्या फिरंगी महालचे अब्दुल हय यांनी एकोणिसाव्या शतकात या लकबींची नीट नोंद करून ठेवली आहे. त्या कळल्याशिवाय 'हिदाया' उघडणं म्हणजे दोन्ही वकिलांची भाषणं वाचायची आणि निकाल कुणी दिला ते पाहायचंच नाही.

या ओळी मुंबईलाही लागू पडल्या आहेत, ते सांगतो. 1864 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला होता: वयात आलेली शाफई पंथाची मुलगी बापाच्या संमतीविना लग्न करू शकते का? शाफई नियमाने नाही. कोर्टाने म्हटलं, वयात आलेल्या मुलीला आपला पंथ निवडता येतो; ती हनफी झाली तर हनफी नियमाने तिचं लग्न वैध. फरगान्यातल्या एका वर्गात मांडलेला युक्तिवाद सातशे वर्षांनी मुंबईच्या एका मुलीच्या कामी आला.

मधल्या काळात पुस्तकाने केवढं वजन मिळवलं होतं, हे टीकांवरून कळतं. कैरोत इब्न हुमाम यांनी 'फत्ह-उल-कदीर' लिहिलं, ऐनींनी 'बिनाया', बाबर्तींनी 'इनाया'. झैलईंनी तर 'हिदाया'त आलेल्या एकेका हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनाचा, माग काढत स्वतंत्र ग्रंथ रचला. मर्घिनानी हदीस उद्धृत करताना जरा सैल आहेत, हे हनफींनीच शोधून नोंदवलं. पुढे 'हिदाया'चाही संक्षेप झाला, 'विकाया', आणि त्या संक्षेपावर परत टीका. इकडे औरंगजेबाच्या काळात 'फतावा आलमगिरी'चं मोठं संकलन झालं तेव्हा प्रकरणांची चौकट घेतली ती 'हिदाया'चीच. अठराव्या शतकात लखनौच्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने जो अभ्यासक्रम चालू झाला, त्या दर्स-ए-निजामीत 'हिदाया' आहे. हिंदुस्थानातल्या मदरशांत ती आजही शिकवतात, वरच्या वर्गात.

आणि मग ती कंपनी सरकारच्या हातात पडली.

1772 ला वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं की लग्न, वारसा, धार्मिक संस्था अशा बाबींत मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावायचा. पण इंग्रज न्यायाधीशाला अरबी येईना आणि मौलवीवर त्याचा भरवसा बसेना. त्याला हवं होतं एकच पुस्तक, कलमं काढून दाखवता येईल असं. 'हिदाया' त्यासाठी निवडली गेली. आधी काही मौलवींनी तिचा फारसी अनुवाद केला, त्यात समजावून सांगण्याच्या नादात टीकाकारांची वाक्यंही मिसळली. त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टन या कंपनीच्या अधिकाऱ्याने इंग्रजी केलं. लंडनला 1791 मध्ये चार खंड निघाले. नमाज, रोजे, हज हा भाग त्याने गाळला, कारण कोर्टाला त्याची गरज नव्हती. जकातीचा ठेवला, त्यात पैशाचा प्रश्न होता ना! 1870 ला ग्रेडीने त्याची दुसरी आवृत्ती काढली. तुमच्या हातात बहुधा तीच आहे.

म्हणजे तुम्ही वाचताय ते अरबीचं फारसी, फारसीचं इंग्रजी. मला त्याहून जास्त खटकतं ते हे की वर्गातल्या वादाचं यात कलमांचं पुस्तक झालं. हॅमिल्टनचं इंग्रजी छान आहे, ऐटदार आहे. पण त्या ऐटीत 'लना' आणि 'लहू' यांतला फरक पुसट होतो. सगळंच हुकमासारखं वाजतं.

त्याचा फटका मला बसला तो सांगतो. वकिलीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी वक्फच्या एका दाव्यात मी वक्फ करणाऱ्याच्या वारसांकडून उभा होतो. म्हाताऱ्याने जमीन वक्फ केली आणि पुढे विचार बदलला. मी ग्रेडी उघडून मोठ्या आवाजात वाचलं: काझीने तसा निवाडा दिल्याशिवाय, किंवा करणाऱ्याने वक्फ आपल्या मरणाशी जोडल्याशिवाय, त्याची मालकी जात नाही. म्हणजे हयातीत तो मागे घेऊ शकतो. मी खूश. समोरचे वयस्कर वकील सावकाश उठले आणि एवढंच म्हणाले, "माझ्या विद्वान मित्रांनी पुढची ओळही वाचावी." पुढच्या ओळीत अबू युसुफ होते: बोलता क्षणी मालकी जाते. त्यापुढे मुहम्मद: मुतवल्ली, म्हणजे वक्फचा कारभारी, नेमून ताबा दिला की जाते. मी वाचलेलं मत एकट्या अबू हनीफांचं होतं आणि आपल्याकडे सर्वसाधारणपणे चालतं ते अबू युसुफ यांचं. कोर्टात कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मौलवींकडची रविवारची शिकवणी त्यानंतर सुरू झाली.

यातून चांगलं काय निघू शकतं, ते पाहायचं असेल तर अलाहाबादचे न्यायमूर्ती सय्यद महमूद यांचे निकाल वाचा. सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव. ते मूळ अरबी वाचत आणि पटलं नाही तर हॅमिल्टन बाजूला ठेवून स्वतः अनुवाद करत. 1886 चा त्यांचा पूर्णपीठाचा निकाल मेहेरबद्दल, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेबद्दल, आहे. नवऱ्याने सहवासाचा दावा लावला, बायको म्हणते आधी मेहेर द्या. 'हिदाया'त अबू हनीफा म्हणतात, एकदा संबंध आला तरी तिला पुढे नकार देता येतो. पहिल्यांदा दिलं म्हणजे पुढचं सगळं दिलं असं होत नाही. त्यांचे दोन शिष्य म्हणतात, नाही; विक्रेत्याने माल ताब्यात दिला की किमतीसाठी तो अडवून धरता येत नाही, तसंच हे. ही मालाची तुलना आज कानाला बोचते, बोचायलाच हवी. महमूद शिष्यांच्या बाजूने गेले, पण हुकूमनामा सशर्त दिला: नवऱ्याने आधी तातडीचा मेहेर भरावा, मग सहवास मागावा. दोन मतांच्या मधून वाट काढली, आणि ती काढता आली कारण पानावर दोन्ही मतं कारणांसकट होती. नुसतं कलम असतं तर असा मार्ग दिसला नसता.

बंधनकारक कसं, हा तुमचा खरा प्रश्न. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, 1897 मध्ये विधवेच्या पोटगीच्या एका प्रकरणात भूमिका घेतली की 'हिदाया'सारख्या प्राचीन आणि अधिकारी भाष्यांनी स्पष्ट काही सांगितलं असेल तर कोर्टाने स्वतः कुराणाचा वेगळा अर्थ लावायला जाऊ नये. त्या एका वाक्याने मर्घिनानींना जो दर्जा मिळाला तो त्यांनी स्वतः कधी मागितला नव्हता. गंमत म्हणजे याच प्रिव्ही कौन्सिलने तीन वर्षं आधी, 1894 ला, कुटुंबासाठी केलेले वक्फ फेटाळले होते. तेव्हा न्यायमूर्ती अमीर अलींसारख्यांनी हनफी ग्रंथांचा दिलेला आधार मानला नाही. शेवटी जिनांनी हिंदुस्थानच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणून 1913 चा कायदा करून घेतला. ग्रंथाचा अधिकार केव्हा मानायचा आणि केव्हा नाही, हे साहेब आपल्या सोयीने ठरवत होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबई इलाख्यात तर चित्र आणखी वेगळं होतं. इथे 1827 चं चौथं रेग्युलेशन लागू होतं. त्यानुसार कायदा नसेल तिथे आधी मुलखातला रिवाज बघायचा, ग्रंथ नंतर. 1847 ला खोजा आणि कच्छी मेमनांच्या मुलींचा वारसाहक्क कोर्टाने नाकारला तो रिवाजाच्याच आधारे. 1937 चा शरियत कायदा आला आणि त्याने त्या रेग्युलेशनमधलं विसंगत कलम काढून टाकलं. पण त्या कायद्यातही एकाही पुस्तकाचं नाव नाही. तो म्हणतो, मुस्लिम वैयक्तिक कायदा लावा. कुठल्या ग्रंथातून, ते तुमच्यावर.

स्वातंत्र्यानंतर 'हिदाया'ची पकड सुटत गेली. शेजारीपणाच्या आधारावरचा शुफा सुप्रीम कोर्टाने 1962 मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्या विषयावर 'हिदाया'त अख्खं प्रकरण आहे आणि जुन्या निकालांत त्यावर रीमच्या रीम खर्ची पडले आहेत. तलाकच्या बाबतीत 'हिदाया' म्हणते, एका दमात तीन तलाक दिले तर ते पडतात आणि देणारा गुन्हेगार ठरतो, म्हणजे पापी. औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने 2002 मध्ये सांगितलं की नवऱ्याने तलाक दिला म्हटल्याने भागणार नाही. कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टही त्याच दिशेने गेलं. 2017 ला तिहेरी तलाक रद्द झाला आणि 2019 ला तो गुन्हा ठरवणारा कायदा आला. तेव्हा तलाकच्या दाव्यात 'हिदाया' घेऊन उभे राहू नका. मेहेर, हिबा (बक्षीस), जुने वक्फ, अज्ञानाच्या (अल्पवयीनाच्या) मालमत्तेचे व्यवहार अशा ठिकाणी ती अजून उपयोगी पडते, तीही नियम म्हणून कमी आणि नियमामागचं कारण शोधायला जास्त. रोजच्या कामाला आपल्याकडे 'मुल्ला' पुरतो. सर दिनशा मुल्ला हे मुंबईचे पारशी कायदेपंडित, हे नाव ऐकून नवीन पोरांना हमखास फसायला होतं. आणि 'मुल्ला'च्या जोडीला फैझी ठेवा. आसफ फैझींचा जन्म माथेरानचा, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. वाचायला त्यांच्याइतका निर्मळ लेखक या विषयात मला दुसरा भेटला नाही.

आता ती मोठी अडचण. 'हिदाया' हे हनफींचं पुस्तक आहे. शियांना ते लागू नाही, म्हणजे बहुतेक बोहरा आणि खोजा गेले. आणि तुम्ही रत्नागिरीकडे आहात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. अरबी समुद्रावरून व्यापाराला आलेल्यांबरोबर हा पंथ किनाऱ्याला लागला आणि तिथेच रुजला. 1431 मध्ये वारलेले माहीमचे मखदूम अली फकीहही शाफईच. फकीह म्हणजेच कायद्याचा जाणकार. वर वलीच्या प्रकरणात पाहिलंत ना, 'हिदाया'त शाफईंचं मत येतं ते खोडून काढण्यासाठी. शाफई अशिलासाठी 'हिदाया'चा दाखला देणं म्हणजे स्वतःच्या अशिलाविरुद्ध समोरच्याची कैफियत वाचून दाखवणं.

अशिलाला थेट "तुम्ही हनफी की शाफई?" असं विचारून फारसा उपयोग होत नाही. निम्मे लोक "आम्ही सुन्नी" म्हणून मोकळे होतात. मी नमाजाचं विचारतो: फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजात कुनूत ही दुआ म्हणता का? रुकूला वाकण्याआधी हात परत वर उचलता का? घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारलंत तर चटकन उत्तर मिळेल. 'हो' आलं तर 'हिदाया' कपाटात ठेवा आणि नववींचं 'मिन्हाज' काढा. तेराव्या शतकातले दमास्कसचे हे शाफई पंडित; त्यांच्या पुस्तकाचं हॉवर्डने 1914 मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर जुन्या लायब्ररीत मिळतं. तेही अरबीवरून नाही, फ्रेंचवरून आलेलं आहे, एवढं भान ठेवा. पण तुम्ही शोधताय ते फराइजचं प्रकरण त्यात आहे.